नवव्या मजल्याची सही

कीथ ग्रिमशॉने आयुष्यभर भोकं बुजवली. इंग्लंडातल्या बोल्टनच्या आसपासच्या निम्म्या इमारतींत, पाइप जिथे भिंत ओलांडतो तिथे, त्याच्या हातचा राखाडी लेप आहे. आग लागली तर ती पाइपाच्या कडेने शेजारच्या घरात शिरू नये, एवढंच त्या लेपाचं काम. त्यावर फळी बसते, फळीवर रंग बसतो, आणि ते पुन्हा कुणी पाहत नाही. न दिसणारं काम करणारा माणूस एक तर लबाड होतो, नाहीतर कीथसारखा चिडका.

तो काही संत नव्हता. साइटवरचे तांब्याचे तुकडे त्याच्या पिशवीतून घरी गेलेले मी पाहिले आहेत. चहा दुसऱ्याचा प्यायचा आणि स्वतःची बिस्किटं लपवायचा. पण भोक त्याने कधी अर्धं सोडलं नाही. फळी लावण्याआधी प्रत्येक भोकाशेजारी तो तारीख लिहायचा आणि खाली आमच्या गावच्या फुटबॉल संघाचा शनिवारचा निकाल. तोही पेन्सिलीनेच. कुणाच्या हातात मार्कर दिसला की खेकसायचा, "अरे गाढवा, मार्करची शाई रंगातून वर येते. तीन हात मारलेस तरी येते. रंगाऱ्याचे शाप घेतोस का?"

मग देशात एक उंच इमारत जळाली, माणसं मेली, आणि कायदा आला. कायदा आला म्हणजे आमच्या केबिनमध्ये कपाटं आली. प्रत्येक भोकाला नंबर, नंबराला फोटो, फोटोला सही. नोंदींच्या या माळेला सरकारने 'सोन्याचा धागा' असं गोड नाव दिलं. लार्चफील्ड टॉवरच्या दुरुस्तीत तो धागा ओवायचं काम माझ्याकडे होतं. मी फोटो मोजायचो. भोकं मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

साइट मॅनेजर होता डॅमियन प्रॉसर. ही त्याची तिसरी कंपनी. आधीच्या दोन बुडाल्या होत्या. नाव तेवढं बदललं, टेबल, व्हॅन आणि डॅमियन तेच राहिले. कीथ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे घरी होता, तेव्हा डॅमियनने कुठूनतरी चार माणसं आणली आणि अख्खा नववा मजला चार दिवसांत उरकला. आठ घरं, एकशे बारा भोकं. डॅमियन याला 'वेग' म्हणाला.

कीथ परत आला त्या गुरुवारी सकाळी डॅमियनने फाइल त्याच्यापुढे सरकवली. सोमवारी भाडेकरू परत राहायला येणार होते. त्याआधी फाइल सरकारी कचेरीत जायला हवी होती, आणि सही चालणार होती ती ह्या कामाची परीक्षा पास झालेल्या माणसाची. असा माणूस साइटवर एकच होता.

"कीथ, राजा, एक सही. पेनसुद्धा मीच देतो."

"ह्यातल्या एकाही भोकात मी बोट घातलेलं नाही."

"फोटो आहेत ना! बघ, काय सुंदर काम आहे."

कीथने चष्मा लावला आणि पानं उलटू लागला. चौथ्या पानावर थांबला. मग भराभर उलटू लागला.

"काम सुंदरच आहे, बाळा. माझंच आहे. तिसऱ्या मजल्यावरचं. हा बघ माझा निकाल, शून्य-पाच. फेब्रुवारीतला." त्याने फाइल माझ्याकडे फिरवली. "एकशे बारा फोटोंत शून्य-पाच. आपला संघ भिकार आहे, कबूल. पण एकाच दिवशी एकशे बारा वेळा हरला?"

एकाच भोकाशेजारी नंबराच्या चिठ्ठ्या बदलत तो फोटो काढला होता. माझ्या हातून तो एकशे बारा वेळा गेला होता. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

कीथ स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेला. मी मागोमाग गेलो. पहिल्या घराच्या न्हाणीघरातली फळी त्याने उघडली. आत पाइपाभोवती गुलाबी फोम फुगलेला होता, स्वस्तातला, दुकानात कुणालाही मिळणारा, पेटवला तर स्पंजासारखा जळणारा. मग बाकीची सात घरं. सगळीकडे तेच गुलाबी.

"आता काय?" दारात उभा राहून डॅमियन म्हणाला. "सगळं फोडायचं? सहा आठवडे जातील. चौसष्ट वय झालं तुझं, म्हाताऱ्या. कुठे जाणार आहेस? सही कर आणि निवृत्त हो."

"आग लागली तर कागदावर नाव माझं असेल. तुझी तर तोवर पाचवी कंपनी असेल."

"मग अवजारं गोळा कर."

"करतो. फळ्या पण लावून ठेवतो. उघडं काम ठेवायची मला सवय नाही."

त्याला अवजारं गोळा करायला तासभर लागला. गेटवर त्याचं कार्ड बंद झालं होतं. पहारेकऱ्याने हाताने दांडी उचलून त्याला बाहेर सोडलं. एवढी तत्परता लेप मागवताना आमच्या कंपनीने कधी दाखवली नव्हती.

शुक्रवारी फाइलवर डॅमियनच्या मेव्हण्याने सही केली. घरबसल्या कॉम्प्युटरवर परीक्षा पास होण्याआधी तो गालिचे विकायचा. मी फाइल पाठवून दिली. पोच आली. धागा अखंड होता.

शनिवारी रंगारी नवव्या मजल्यावर गेला आणि शिव्या देत खाली आला. आठही न्हाणीघरांत, फळीच्या बाहेरून, बोटाएवढ्या जाड अक्षरांत मार्करने लिहिलं होतं: 'ह्यामागे गुलाबी फोम आहे. मी पाहिला. मी सही केलेली नाही. कीथ ग्रिमशॉ.' खाली तारीख.

"रंग मार वरून," डॅमियन म्हणाला.

"येईल ते बाहेर, साहेब."

"दोन हात मार."

त्याने दोन हात मारले. सोमवारी भिंती दुधासारख्या पांढऱ्या होत्या, आणि डॅमियनने भाडेकरूंना केक वाटला.

तिसऱ्या आठवड्यात केबिनमधला फोन वाजला. नवव्या मजल्यावरच्या ब्रेंडा हॅलम होत्या.

"बाळा, माझ्या न्हाणीघराच्या भिंतीवर काहीतरी उमटतंय. शेजारच्या घरातही तसंच आहे."

डॅमियन समोरच बसला होता. त्याने ओठांनी मला शब्द पुरवला. मी तो मुकाट्याने पुढे केला.

"ओल असेल, बाई."



"ओल फोमबद्दल लिहिते का रे? आणि खाली स्वतःचं नाव घालते?" त्या म्हणाल्या. "फोटो काढलाय मी. आता तुझं नाव सांग, तेही लिहून घेते."