सांडव्यावरची दीड फूट भिंत

पहिल्या निवडणुकीच्या आधी मी जे केलं, ते यंदापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी शिक्षणानं कृषी अभियंता. बाभुळगावकडच्या एका तांड्याच्या वर मातीचा तलाव आहे, त्याचा नकाशा माझा. जादा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या सांडव्याची उंचीही मीच ठरवलेली. नोकरी सोडून निवडणुकीला उभा राहिलो तेव्हा तांड्यावरच्या सभेत लोक म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात विहिरी आटतेत. पाणी वाढवून द्या." पाळ उंच करायला मंजुरी लागली असती, वर्ष गेलं असतं. मी नुसत्या सांडव्यावर दीड फूट भिंत बांधून दिली. पाणी वाढलं, ते अडवणारी मातीची पाळ तेवढीच राहिली. त्यातला धोका त्या सभेत एकट्या मला कळत होता.

तांड्यानं एकगठ्ठा मतं दिली. पुढं दोनदा निवडून आलो. पावसाळ्यात मात्र त्या रस्त्यानं जाणं टाळत राहिलो.

यंदा श्रावणात गेलो. पाळीच्या पायथ्याशी पाझर होता. तो स्वच्छ असला तर काळजी नसते. हा गढूळ होता. मी बाटली भरली आणि नायकाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, माझ्याच वयाचा.

"या साहेब. इलेक्शन लागलं का?"

"ती सांडव्यावरची भिंत पाडायची आहे. आजच."

"काहून? तुमीच तं नारळ फोडलता तिथं."

"तेव्हाच चूक होती. मला माहीत होतं."

तो हसला. "कापूस बोंडावर येऊन राह्यला अन् पाणी सोडून देऊ म्हणता? आमच्या बायांच्या डोक्यावरचे हंडे उतरले त्या भिंतीनं. म्हातारे झाले तुमी, भेव वाटते तुमाले."

"बाटली हलवू नका," एवढंच मी म्हणालो.

चहा होईपर्यंत तळाशी नखभर गाळ बसला. काळा. तांड्याभोवती सगळी मुरमाड जमीन. काळी माती फक्त पाळीच्या पोटात, पाणी अडावं म्हणून लांब खालच्या शेतांतून बैलबंड्यांनी आणून भरलेली. नायकानं बाटली उजेडात धरली.

"हे तं आमच्याच बंड्यांनी टाकलेली माती होय," तो म्हणाला आणि भिंत फोडायला सब्बल आणायला आत गेला.

आज तिसरा दिवस. खालची घरं शाळेत हलवली आहेत. तहसीलला मी हे सगळं लिहून, सही करून दिलं आहे. भिंत थर थर करून उतरवतो आहोत, नऊ इंच निघाली. आभाळ भरलेलंच आहे. उरलेली निघता निघत नाही. तेव्हा सिमेंट मी चांगलं वापरलं होतं.