टायर कुठं टाकले, शेठ?

आमच्या वर्कशॉपातल्या अजिनाथचं मला कधी कौतुक वाटलं नाही, आणि आता तर वाटायचा प्रश्नच नाही. नगर-मनमाड रस्त्यावर आमचं गाड्यांचं शोरूम आहे, मागं वर्कशॉप. खाचखळग्यांतून, चिखलातून जाणाऱ्या फोर बाय फोर गाड्या आम्ही विकतो. मी स्पेअर पार्टच्या काउंटरला असतो. बरोबर समोर अजिनाथचं टेबल, त्यामुळं दिवसभर त्याचंच तोंड बघावं लागतं.

गाडी वॉरंटीत असताना काही मोडलं की गिऱ्हाईक आधी अजिनाथकडं येतं. गाडीला बाहेर कुणी हात लावलेला नसेल तर दुरुस्ती फुकट. बाहेर काही बदलून घेतलं असेल आणि त्यापायी मोडलं असेल, तर वॉरंटी नाही. हे शोधून काढायचं आणि ‘नाही’ म्हणायचं, याचाच त्याला पगार.

गिऱ्हाइकंही काही धुतल्या तांदळासारखी नसतात. राहात्याकडचा एखादा पेरूचा बागायतदार गाडी घेतो आणि महिन्याच्या आत तिचा सांगाडा चाकांपासून वर उचलून घेतो. खाली कमरेएवढे टायर, टपावर दिव्यांची रांग, पुराच्या पाण्यातून जायला बॉनेटशेजारून वर काढलेलं नळकांडं. आता राहात्यात पूर कुठून आणायचा? मग गाडी चढते ती लग्नाच्या मांडवासमोर टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर, चार जणांनी मोबाईल धरले की. आणि काही मोडलं की हेच शेठ मूळचे टायर परत चढवून, दिवे उतरवून, गरीब गायीसारखं तोंड करून आमच्या दारात उभे.

अशा माणसाला दरडावून काही कळत नाही, हे अजिनाथला बरोबर ठाऊक. तो आधी चहा सांगायचा. मग गाडीभोवती एक फेरी मारायचा आणि तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणायचा, “काय गाडी ठेवलीय शेठ! पण मागं व्हिडिओत हिला टायर काय दिसत होते! एवढं भारी काम केलं तरी कुणी?”

झालं. माणूस हरभऱ्याच्या झाडावर. “अहो, पुन्यावरून मिस्त्री आनला हुता! आख्ख्या तालुक्यात अशी गाडी न्हाई.” चहा संपायच्या आत सगळं सांगून मोकळा. अजिनाथ हसत हसत कागद पुढं करायचा: बाहेर काम केलेलं आहे, वॉरंटी लागू नाही. आपल्या भागातला माणूस पोलिसाला दाद देणार नाही, पण त्याच्या वस्तूला कुणी ‘लई भारी’ म्हणालं की घरातलं सगळं अंगणात आणून मांडतो. त्या कौतुकावरच अजिनाथ जगत होता. आमचे सर्व्हिस मॅनेजर रविराज सरसुद्धा हा प्रश्न त्याच्याकडूनच शिकले.

बजरंग नावाचा आमचा इलेक्ट्रिशियन होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गाडीला बाहेरचे दिवे बसवले. वर्कशॉपच्या माणसानं असली कामं करायची नाहीत, असा नियम आहे. सरांच्या कानावर कुणी घातलं? अजिनाथनंच. बजरंग दुसऱ्या दिवशी घरी. “नियम म्हणजे नियम,” असं मला वर तोंड करून सांगत होता. मला तर त्याच्या हातचं पाणीसुद्धा नकोसं झालं.

आणि हाच नियमवाला रविवारी कर्जतला घरी गेला की काय करायचा? वडिलांच्या नावावर त्यानं आमच्याकडूनच गाडी घेतली होती. गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली स्वतःच्या हातानं ती वर उचलली, मोठे टायर घातले, दिवे लावले, पुढं लोखंडी बंपर ठोकला. मला हे कळलं ते नंतर. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, दुसरं काय!

एका मंगळवारी वर्कशॉपच्या फाटकातून एक टेम्पो आत आला. मागं दोरखंडांनी बांधलेली तीच गाडी, पुढचं चाक तिरकं. टेम्पोच्या केबिनमधून एक म्हातारा उतरला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात पिशवी. अजिनाथचे वडील, कानिफनाथ. शेतातल्या पाण्याच्या चारीत गाडीचा एक्सल तुटला होता. पोरानं फोनवर बजावलं होतं की गाडी हलवू नका, मी रविवारी येऊन सगळं उतरवतो, मग नेऊ. पण म्हाताऱ्याला कशाला काय उतरवायचं ते समजलं नाही. पोरगं ज्या ठिकाणी साहेब आहे, तिथं गाडी न्यायला रविवारची वाट कशाला? शिवाय पोराचं ऑफिस त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

अजिनाथनं त्यांना पाहिलं. तो उठून धावला, पण रविराज सर आधीच टेम्पोपाशी पोचले होते. सरांनी टायर पाहिले, बंपर पाहिला, आणि सवयीनंच बोलले, “वा बाबा! काय गाडी केलीय! एवढं भारी काम कुणाचं?”

अजिनाथ सरांच्या मागून मान हलवत होता, डोळे वटारत होता. म्हाताऱ्यानं ते पाहिलंच नाही. पोराच्या कामाचं कौतुक खुद्द मोठा साहेब करतोय, त्यांना दुसरं काही दिसेल कशाला?

“माझ्या आजिनाथनं केलंय, सायेब! सोत्ताच्या हातानं. मिस्त्री न्हाई, काय न्हाई. मी नुस्ती ब्याटरी धरून हुबा ऱ्हायचो. लई गुनाचं पोरगं हाय. तुमी वळखता की त्याला, हितंच असतंय.”

वर्कशॉपातले पाने थांबले. बजरंगचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. आता या पठ्ठ्याची नोकरी जाते की राहते, एवढंच बघायचं होतं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

“अजिनाथ?” सर म्हणाले.

एवढ्या माणसांतून अजिनाथ पुढं आला. वडिलांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. “सर, म्हातारपण आहे. काहीही बोलतात. माझा त्या कामाशी संबंध नाही. गावातल्या कुणाकडून तरी करून घेतलं असेल, आणि आता माझ्या नावावर खपवतायत.”

म्हातारा पोराकडं बघत राहिला. अंगावर आलेल्या बैलाला चुकवताना माणूस जसा एक पाऊल मागं घेतो, तसा मागं सरला. मग टोपी नीट करत सरांकडं वळला.

“व्हय सायेब. मी खोटं बोल्लो. पोराचं नाव सांगितल्यावर फुकाट हुईल म्हनलं. गावातल्या एका मिस्त्रीनं केलंय.”

त्या गाडीला वॉरंटी मिळणार नव्हतीच. सरांनी म्हाताऱ्याचं म्हणणं खरं धरलं आणि कागद करायला सांगितला. अजिनाथनं तो स्वतः लिहिला. हलकट माणूस! मला तिथल्या तिथं त्याची कॉलर धरावीशी वाटली.

कागद वडिलांपुढं आला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पेन घेतलं आणि पोराला विचारलं, “कुटं करू सही, सायेब? तुमी दाखवा.”

अजिनाथनं बोट ठेवून जागा दाखवली.