चार वाजताची कूस

तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर तोफताई, पाठीमागे नुसतंच तोफ. वृद्धाश्रमात कामाला लागून तिला अकरा वर्षं झाली होती. त्याआधी घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिने तीन वर्षं केलं, आणि तिथेच ती शिकली की माणूस पडून राहिला की त्याचं अंगच त्याला खायला लागतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. चारला खिडकीकडे तोंड, सहाला दाराकडे, आठला पुन्हा खिडकीकडे. कोणाचं राहिलंय ते तिला दारातूनच कळायचं.

पूर्वी सहा जणांमागे एक बाई होती. मग दोघी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. अंथरुणावरचे एकोणीस जण आणि हिचे दोन हात. कूस बदलल्याचा तक्ता मात्र कधी रिकामा राहिला नाही. व्यवस्थापक सकाळी म्हणायचा, "ताई, सह्या उरकून टाका आणि मग कामाला लागा." ती दिवसभराच्या सह्या उरकायची. मोठ्यांशी कोण भांडणार, घरी दोन पोरी शिकतायत, असं स्वतःला बजावायची आणि बादल्या आपटायची.

त्या दिवशी तपासणी होती. मालकांना वरच्या मजल्यावर आणखी तीस खाटा टाकायच्या होत्या, आणि परवानगी खालचा मजला बघून मिळणार होती. तोफेला पहाटेपासून जिने घासायला लावलं होतं. स्वयंपाक्याला आणि ड्रायव्हरला निळे कोट चढवले होते. ड्रायव्हर खाटेशेजारी असा उभा होता, जणू ती आत्ता सुरू होऊन निघणार होती.

"कोण म्हणून सांगशील?" तोफेने त्याला विचारलं.

"सेवक."

"आणि तेल कुठे लावतात विचारलं तर?"

"इंजिनात," तो पुटपुटला.

अधिकारी बाई अकराला आल्या. पडदे बघितले, संडास बघितले, मग तक्ता चाळला.

"चोख आहे हो. एकही रकाना रिकामा नाही."

"शिस्त, मॅडम," व्यवस्थापक हात चोळत म्हणाला. "तिथे तडजोड नाही."

शेवटच्या खाटेवर शिंपीकाका होते. रात्रपाळीने पहाटे चारला त्यांना खिडकीकडे वळवलं होतं. ते अजून तसेच होते. सात तास. तोफेच्या हातातलं फडकं जिन्यावरच्या घाणीने काळं झालं होतं. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"बाई, किती वाजले?"

"अकरा. का हो?"

"मग आज दुपारी चारला काकांची कूस बदलल्याची सही कशी काय झाली?"

अधिकारी बाईंनी पान पुन्हा उलटलं. व्यवस्थापक हसला. "घाईत झालं असेल, मॅडम. या जरा तापट आहेत."

"सही कोणाची आहे?" बाईंनी विचारलं.

"माझी," तोफ म्हणाली. "खोटी आहे. आजचीच नाही, वर्षभराच्या खोट्या आहेत. काका, पाठ दाखवू का यांना?"

"दाखव," शिंपीकाका खिडकीकडे बघतच म्हणाले. "कपडा उलटा केल्याशिवाय शिलाई कळते होय?"

तिने चादर सरकवली. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. स्वयंपाक्याने मान फिरवली. अधिकारी बाई वाकल्या, आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"वरच्या मजल्याचा अर्ज परत घ्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मला एकोणीसही पाठी बघायच्या आहेत. आत्ता."

"तीस खाटा टाका हो खुशाल," तोफ म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "पोरं आईबापांना घेऊन फाटकाशी ताटकळतायत, मला दिसत नाही होय? पण खाटेबरोबर हात द्या! लोखंड काय कूस बदलणार आहे?"

व्यवस्थापक तिच्या कानाशी आला. "उद्यापासून येऊ नका. आणि सही तुमची आहे, लक्षात ठेवा. तुम्हीपण अडकणार."

"अडकेन. अडकायलाच पाहिजे मला." तिने फडकं फेकलं आणि काकांच्या खांद्याखाली हात घातला. "उद्याचं उद्या. दहाची कूस राहिलीय. पाय धरा."

व्यवस्थापक इकडेतिकडे बघू लागला. निळे कोटवाले जागचे हलले नाहीत.

"धरा म्हणते ना! घोट्याला नाही. गुडघ्याखाली. अकरा वर्षं माझ्या डोक्यावर बसलात, आणि माणूस कुठे धरायचा तेही माहीत नाही."

त्याने धरलं.