अक्कांचा हिरवा लेप

मुलांनो, परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं, की धाकटीच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुगंधी साबण आणि लोकरीचा स्वेटर बंद करायला सांगितलाय. डॉक्टरीणबाईंचं ऐका. मला मात्र फोन ठेवल्यावर हसू आवरेना, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा आईने हे वाचून दाखवावं.

तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या अक्कांनी, काही ना काही सोडायला लावलं नाही असा खाज सुटलेला एकही माणूस उभ्या तंजावरात नव्हता. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत. दूर्वा, हळद आणि उकिरड्यावर आपोआप उगवणाऱ्या कुप्पैमेनी नावाच्या तणाचा पाला पाट्यावर वाटून त्या हिरवा लेप करत. तो फुकट मिळे, पण त्याआधी ओट्यावर बसवून उलटतपासणी होई. काय खाल्लंस, काय नेसलीस, उशीत कापूस कुठला? त्या दिवसांत बाजारात रोज नवी वस्तू येई आणि टीव्हीवरच्या बायका रोज नव्या साबणाने तोंड धूत. अक्कांच्या मते सरकारने बाहेरच्या मालाला दार उघडलं, त्याच दाराने खाजही आत आली. पापनाशमचे एक बँक मॅनेजर मनगट खाजवत आले, तर अक्कांनी आधी त्यांच्या हातातलं चकचकीत घड्याळ पाहिलं.

"ते काढ."

"अक्का, मेव्हण्याने सिंगापूरहून आणलंय."

"मग मेव्हण्यालाच खाजू दे."

मनगट बरं झालं. लेपाने की घड्याळ काढल्याने, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तू इंग्रजीत एम. ए. केलंस ना गे? मग इंग्रजीतच शंका काढ." माझ्या कपाटात डॉक्टरी मलमाच्या ट्यूबा ओळीने, तारखेप्रमाणे लावलेल्या असत. त्यांना अक्का 'टूथपेस्ट' म्हणत.

एका पावसाळ्यात अक्कांच्याच हातांना खाज सुटली, तळव्यांपासून कोपरापर्यंत. गावाला फार आनंद झाला. जो तो ओट्याशी थांबून विचारी, "अक्का, काय सोडलंत?" त्यांनी वांगं सोडलं, साबण सोडला, शेवटी कॉफीसुद्धा सोडली. सकाळची कॉफी नसलेल्या अक्कांच्या समोरून पेपरवालाही सायकलवरून न उतरता पेपर फेकून जाई. खाज तशीच.

मग ओरत्तनाडूला एका लग्नासाठी त्या आठवडाभर राहिल्या आणि तिथे वांग्याची भाजी, कॉफी आणि यजमानांचा सुगंधी साबण असं सगळं वापरूनही बरे झालेले हात घेऊन परतल्या. आल्या दिवशी चार माणसं लेपासाठी थांबली होती. अक्का पाट्यावर बसल्या. संध्याकाळपर्यंत हात लालबुंद झाले.

मी म्हटलं, "अक्का, तो पालाच तुम्हाला सोसत नाही."

"गप बस गे."

पण गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. दुसऱ्या दिवशी दार लावलेलं होतं. लोक आले, कडी वाजवली, परत गेले. तुमच्या आजोबांनी रबरी हातमोजे आणून दिले, तर अक्कांना मोज्यांचीही खाज सुटली. मी कॉफी घेऊन मागच्या दाराने गेले, तेव्हा त्या रिकाम्या पाट्यापुढे बसल्या होत्या.

"इतक्यांना इतकं सोडायला लावलं," त्या म्हणाल्या. "मला हे एक सोडवत नाही. लेप बंद झाला तर या ओट्यावर कोण कशाला बसेल?"

माझ्याकडे मिक्सर होता. त्यात वाटू, असं सुचवल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच पदर खोचून पाट्यावर बसले. पुढचं दार उघडलं. अक्का ओट्यावर उलटतपासणी घेत आणि तिथूनच आत ओरडत, "चटणी करतेस का गे? आणखी बारीक." कोणी लेपाची स्तुती केली, की त्या म्हणत, "आमच्या एम. ए.ने वाटलाय, थोडा जाडसरच." असं वर्षानुवर्षं चाललं. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतेय. रोज संध्याकाळी माझीही वाट पाहणारं कोणीतरी आहे, हे उशिरा ध्यानात आलं.

अक्का गेल्या. त्यांच्या घरात आता भाडेकरू आहेत. ओट्यावर त्यांची मोपेड उभी असते, म्हणून लोक माझ्या दाराशी येतात. पूर्वीइतके नाहीत. प्रश्न विचारायचा तो धाक माझ्या आवाजात नाही. कुप्पैमेनी मात्र परसात न लावता उगवते, अक्कांचा पाटा मी मागून घेतला, आणि माझे हात अजून चांगले आहेत.