मेंढरं बरोबर नव्हती

केडगाव स्टेशनवर दौंडच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा आमच्या कवठ्याचा एक ओळखीचा माणूस जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, भिवाआप्पा गेलं." जवळचं माणूस गेल्यावर डोळ्यांत पाणी यावं, मला राग आला. वीसेक दिवसांपूर्वीच दौंडच्या दवाखान्यात मी त्यांच्यापुढे हात जोडले होते. मधुमेहानं पाय काळा पडत चालला होता, डॉक्टर म्हणत होते, पाय काढला तर माणूस वाचेल. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय काढल्याव मागं काय ऱ्हातंय, गुरुजी?" बायको राहते, दोन मुलं राहतात, मी राहतो... पण हे मी बोललो नाही. तरातरा बाहेर निघून आलो. तीच शेवटची भेट.

त्यांच्या पायांचा हा माज जुना, आणि तो वाढवायला मीच कारण झालो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पांची थोरली सून शिरूरच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. सून वाचली, मूल राहिलं नाही. त्यानंतर गावात बाळंतपणाची खोली बांधायचं ठरलं, पण पैसा कुठून आणायचा? मी शाळामास्तर; पेपरात वाचलं होतं की परदेशात लोक चांगल्या कामासाठी लांबवर चालतात आणि ओळखीचे लोक त्यांना किलोमीटरमागे पैसे देतात. आप्पांच्या घरात वडिलांच्या काळापर्यंत मेंढरं होती. आता ते कांदा करत, तरी चालण्यात त्यांना तोड नव्हती. कवठे येमाईहून पाटसला चालत जायचं ठरलं, कारण तिथल्या कारखान्यावर आमच्या गावची पुष्कळ माणसं होती. मी देणगीच्या चिठ्ठ्या लिहायला बसलो तर आप्पा म्हणाले, "किलोमीटर कोण मोजतंय? मुक्काम लिवा." मी तसं लिहिलं. मेंढरं घेऊन पाटसला पाच मुक्काम पडतात हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्या अंदाजानं प्रत्येकानं मुक्कामामागे आपला आकडा घातला.

आणि हा माणूस दुसऱ्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, कारखान्याच्या गेटवर हजर! वाटेत मुक्काम एक. फक्त एक. पैशांची बोलणी करायला मी आधीच एसटीनं तिथं येऊन थांबलो होतो; माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आप्पा, पाच मुक्काम धरले होते आपण!"

"मेंढरं कुठं व्हती बरूबर?"

"अहो, निवांत बसत बसत यायचं होतं की!"

"वाट दोन दिसांची हाय. बसल्याचं पैसं घेऊ व्हय?"

लोक पोट धरधरून हसले आणि एका मुक्कामाचे पैसे देऊन मोकळे झाले. त्यात खोलीचा पायाही भरला नसता. मी चार महिने आप्पांशी बोललो नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी मेव्हण्याची मेंढरं मागून आणली आणि तीच वाट पुन्हा धरली. पाच मुक्काम, एक कमी नाही की एक जास्त नाही. असं सलग तीन वर्षं. खोली उभी राहिली.

देणगीदारांची नावं फरशीवर कोरायला मी दिली. ज्यानं पैसा दिला त्याचं नाव, हा माझा मास्तरी नियम. उद्घाटनाच्या दिवशी आप्पा फरशीपुढे उभे राहून अक्षर अक्षर लावत वाचत होते.

"गुरुजी, आपलं हाय का ह्यात कुठं?"

"तुम्ही कुठं पैसे दिले, आप्पा?"

असं मी म्हणालो. मी! बसल्याचे पैसे न घेणाऱ्या माणसाचं चालणंसुद्धा मी धरलं नाही. "व्हय, ते बी खरंच," एवढंच ते बोलले. आत सलाईनची बाटली अडकवायला काही नव्हतं म्हणून सिस्टर इकडंतिकडं शोधत होत्या. आप्पांनी टोकाला आकडा असलेली आपली काठी खाटेला घट्ट बांधून दिली आणि जेवायला न थांबता घरी गेले. नंतर फरशी बदलायला मला कितीतरी वर्षं मिळाली होती. मी बदलली नाही.

परवा शोकसभा झाली. गावच्या पुढाऱ्यांनी जाहीर केलं की आप्पांची काठी काचेच्या पेटीत ठेवू, खाली मोठ्या अक्षरांत नाव घालू. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! जिवंतपणी ज्यांनी त्यांना एका मुक्कामावर हसून वाटेला लावलं, तेच पुढच्या रांगेत बसले होते. आणि काठी आणायचं काम कुणाकडे? माझ्याकडे.

गेलो. खोलीत आदल्या दिवशी बाळंत झालेली एक पोर खाटेवर डोळे मिटून पडली होती. सरकारी लोखंडी स्टँड चाक मोडून कोपऱ्यात उभा होता. बाटली आप्पांच्या काठीलाच लटकत होती. धरून धरून काठीचा मधला भाग गुळगुळीत झाला आहे. सिस्टर म्हणाल्या, "एवढी बाटली संपू द्या गुरुजी, मग न्या."

बाहेर पायरीवर, फरशीकडे पाठ करून बसलो. तासाभरानं आत डोकावलो, तर सिस्टर दुसरी बाटली अडकवत होत्या.

पुढाऱ्यांना निरोप धाडला : काठी मोकळी नाही.