चार फाइली, एक जिना

चार फाइली माझ्या टेबलावर होत्या आणि चारही नकाशांवर काच एकच होती. हायवेकडे तोंड करून, पश्चिमेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग.

मी इंजिनिअर. शिरूर तालुक्यातल्या एका वाढत्या गावाच्या बांधकाम नियमांत ऊर्जेचं प्रकरण लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. विषय साधा आहे. दुकानं-ऑफिसांची इमारत अशी बांधायची की ती मुळात कमी तापेल, म्हणजे एसी कमी चालेल. पश्चिमेला काच कमी, काचेला बाहेरून छज्जा, गच्चीवर उष्णता अडवणारा थर. ठरावीक कनेक्टेड लोडच्या वरच्या इमारतींना हे बंधनकारक. कनेक्टेड लोड म्हणजे दिवे, एसी, यंत्रं सगळं मिळून इमारतीसाठी मंजूर करून घेतलेली वीज. ही मर्यादा मी एका मोठ्या शहराच्या नियमांतून, तिथल्या मोठ्या इमारतींच्या हिशोबाची, जशीच्या तशी उचलली. गाढवपणा माझाच.

मसुदा हरकतींसाठी खुला झाला आणि लगेच आप्पांच्या नव्या इमारतीच्या परवानगीच्या फाइली आल्या. आप्पा म्हणजे हायवेवरचे बिल्डर, चार भावांतले थोरले. चार भावांची नावं, चार फाइली, चार मीटर. प्रत्येकाचा लोड मर्यादेच्या आत. आमच्या ऑफिसचे साहेब म्हणाले, नियम लागू झाला तरी यांना लागत नाही, सोडून द्या. वर सुचवलं की 'बंधनकारक'च्या जागी 'ऐच्छिक' लिहा, कुणाची हरकतच येणार नाही. मला संताप आला. ऐच्छिकच करायचं तर लिहायचं कशाला?

मी आप्पांची आधीची इमारत बघायला गेले. खालच्या गाळ्यात केंदूरच्या एका मामांचं बियाण्यांचं दुकान आहे, भाड्याने घेतलेलं. दुपारी आत पाय ठेवला तर अंग भाजून निघालं. मामांनी काचेबाहेर भाजीच्या रोपांवर लावतात ती हिरवी शेडनेट बांधली होती. अगदी बरोबर केलं होतं, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं, आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नसतो. पण हायवेवरून काच दिसत नाही म्हणून आप्पांच्या माणसांनी ती दोनदा उतरवली होती.

"म्याडम, तापलेलं बियाणं उगवत न्हाई," मामा म्हणाले. "शेतकरी काचंला शिव्या देत न्हाई, मला देतो. आन् पुन्यांदा दुकानात येत न्हाई."

हरकतींच्या सुनावणीला, नियम मंजूर करणाऱ्या समितीसमोर आप्पा निवांत बसले होते. "भाऊ चार हायत म्हणल्यावर फाइली चारच व्हणार. वाटण्या झाल्यात आमच्या."

मी चारही नकाशे शेजारी शेजारी लावले आणि विचारलं, "आप्पा, जिना कुठल्या भावाच्या वाटणीला आलाय?"

आप्पांनी पुढे वाकून चारही नकाशांवरून बोट फिरवलं. "जिना सगळ्यांचाच हाय."

"मग इमारतही सगळ्यांची मिळून एकच आहे."

साहेब घाईने मध्ये पडले. ऐच्छिक करून विषय मिटवू, म्हणाले.

"करा सर," मी म्हटलं. "त्या पानावर माझी सही नसेल. का नाही, ते मी लेखी देईन."

असं लेखी कुठल्याच समितीला नको असतं. व्याख्या मंजूर झाली: नावं कितीही असोत, जिना एक तर इमारत एक, आणि लोड मोजायचा तो सगळा मिळून. आप्पांच्या फाइली परत गेल्या. मामांचं दुकान आहे ती इमारत जुनी, तिला नियम लागत नाही. म्हणून मी जुन्या इमारतींनाही लागणारी आणखी एक ओळ भांडून घालून घेतली, की भाडेकरूने बाहेरून केलेली सावली मालकाला काढता येणार नाही. मामांची नेट आता जागेवर आहे.

मी शिकले ते एवढंच: दुसऱ्या शहराचा आकडा उचलण्याआधी आपल्या गावातली भाऊबंदकी मोजावी.

गेल्या आठवड्यात आप्पांचे सुधारित नकाशे आले. जिने आता चार आहेत. पाया एकच आहे. मी दुरुस्ती लिहायला घेतली आहे.