नख अडकलं तर रंग

चिऊ, जरा जवळ ये. म्हणजे तो फोन ठेव बाजूला आणि हे नीट वाच. गाडीच्या ओरखड्यावर कोणी नखपॉलिश लावतं का ग? वर फोटो पाठवलास, ‘आजी, पाहा कसं जमलं!’ जमलं कुठलं, गालावर चुना लागल्यासारखं दिसतं ते. आमच्या सुदामभाऊंनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, “काहून पोरी, गाडीचं लगन हाये का?”

सुदामभाऊ तुला आठवायचे नाहीत, तू तेव्हा बालवाडीत होतीस. बाभुळगावात यवतमाळ रोडला, कडुनिंबाखाली त्यांची टपरी. ओरखडे आणि खडे लागून उडालेले रंगाचे टवके, एवढंच काम करायचे. अख्खी गाडी रंगवायला कोणी आणली की हात जोडायचे. गाडी समोर आली की आधी डोळे मिटायचे आणि करंगळीचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवायचे. तेवढं एकच नख वाढवलेलं. “नख अडकलं तं रंग, नाही अडकलं तं पालिश. उगाच कायले चोपडता?”

तुझ्या बापानं, आमच्या विनोदनं, पहिली गाडी घेतली आणि महिन्याभरात दाराचा टवका उडाला. मी मोठी शहाणी, म्हटलं, द्या पांढरा रंग लावून. सुदामभाऊ म्हणाले, “वयनी, दूध, दही न ताक, तिन्ही पांढरेच. चहात ताक टाकता का?” मग दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून रंगाचा नंबर टिपून घेतला. त्या नंबरचा रंग आणला, तरी विश्वास नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ठिपका दिला, वाळवला, पत्रिका दाराला भिडवून पाहिली. आत पत्रा दिसत होता, म्हणून गंज घासून आधी अस्तराचा रंग. मग अगरबत्तीच्या काडीच्या टोकानं थेंब थेंब. एक थर वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. “रंग न माणूस, वल्ला असतांनी खरा दिसत नाही,” म्हणायचे. शेवटी वरून चकाकीचा बिनरंगी थर.

गाडी घरी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला पूजा माझ्याकडे. झेंडूचा हार दोऱ्यात तुटतो म्हणून मी तो तारेत ओवला होता, अक्कल माझीच. बोनेटवर टाकला, एका बाजूला कमी पडला म्हणून ओढला. कर्र! उचलून पाहते तर वीतभर ओरखडा. अंगणात सगळे नवे कपडे घालून उभे, विनोदचा चेहरा फुललेला. मी हार गुपचूप पुन्हा तिथंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी हार काढताना विनोदला दिसलं. “माय, हे कधी झालं?”

“परवा सुदामभाऊपाशीच व्हती ना गाडी?” मी म्हणाले. एवढंच. त्यात एक शब्दही खोटा नव्हता, असं मी स्वतःला किती दिवस समजावत होते.

विनोद तडक निघाला. मीही गाडीत बसले. नाही बसले तर त्याला संशय येईल, ही भीती. टपरीपुढे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत विनोद ओरडला, “काका, एक टवका भरायले देल्ला, तं तुम्ही नवा ओरखडा करून देल्ला! काम जमत नसंल तं बंद करा ना!”

सुदामभाऊंनी डोळे मिटले, नख फिरवलं. मध्येच थांबले. वाकून काडीच्या टोकानं ओरखड्यातून एक केशरी कण काढला. झेंडूची पाकळी. तळहातावर घेऊन पाहिली, मग काचेआड बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करू लागले.

“असंल भाऊ,” मूठ मिटून ते म्हणाले, “माह्या हातून झालं असंल. ठेवून जा गाडी.”

एका गिऱ्हाइकानं आपली गाडी तिथूनच वळवली. सुदामभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. पण मूठ उघडली नाही त्यांनी.

आठ दिवसांनी मी एकटी गेले, चिवड्याचा डबा घेऊन. डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. तेच म्हणाले, “वयनी, मले काहून सांगता? मले तं माहीत हाये. पोराले सांगा.”

“तुम्हीच काहून नाही सांगतलं जी?”

“मायलेकराच्या मधात मी कायले येऊ? पण सांगा.” मग चिवडा तोंडात टाकून म्हणाले, “मीठ कमी हाये.”

सांगते, असं मी म्हणाले, आणि विनोदला सांगितलं नाही. ओरखडा असा बेमालूम भरला होता की बोट ठेवून दाखवता आला नसता. ती गाडीही केव्हाच गेली. पण विनोद अजून घरी आला, कोणाच्या गाडीचा विषय निघाला, की म्हणतो, “सुदामपाशी नको नेऊ, हात कच्चा हाये त्याचा.” दर वेळी मी तिथेच असते, भाजी निवडत. मान वर करत नाही.

परवा बाजारात भेटले. हात थरथरतो म्हणाले; दिवाळी झाली की टपरी बंद करून लेकीकडे बोरी अरब गावी जाणार. मला काहीच विचारलं नाही. करंगळीचं नख मात्र कापलेलं होतं.

तर चिऊ, ते नखपॉलिश खरवडू नको, तसंच राहू दे. दिवाळीआधी ये, बापालाही घेऊन ये. गाडीचं निमित्त सांग, आजीच हट्ट धरून बसलीय म्हण, नाहीतर तो त्या टपरीकडे पाय वळवायचा नाही. हे त्याला वाचून दाखवू नको. कडुनिंबाखाली, सुदामभाऊंच्या समोर, मलाच सांगायचं आहे. ये ग लवकर, टपरी उघडी आहे तोवर ये.